अमेरिकन सोल गायक अल ग्रीन पहिल्यांदाच ऐकताय?

सुरुवात 1975 च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'पासूनच करा. मूळ रेकॉर्डवर दहाच गाणी, जवळजवळ सगळी प्रेमाची. नंतरच्या आवृत्त्यांत जादा गाणी जोडली आहेत, तीही चालतील. भलेमोठे बॉक्स सेट मात्र आत्ता घेऊ नका. तिसऱ्या सीडीपर्यंत सहसा कोणी पोचत नाही.

नवे लोक हमखास दोन चुका करतात:

- काम करता करता मागे लावून ठेवतात.
- फक्त गायकाकडे लक्ष देतात.

'लेट्स स्टे टुगेदर' हेडफोनवर लावा आणि एकदा तरी निव्वळ ड्रम आणि बास ऐका. निर्माते विली मिचेल यांनी अमेरिकेतल्या मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत ही गाणी केली. तिथला तो दबका, कोरडा ठेका म्हणजे अर्धी गंमत! त्यावर ग्रीन ओरडत नाही, कुजबुजतो आणि मधेच अलगद वरच्या पट्टीत निसटतो.

'हाऊ कॅन यू मेंड अ ब्रोकन हार्ट' हे मूळ बी जीज या बँडचं. इथे सहा मिनिटांच्या वर चालतं. संथ वाटेल, पण पुढे ढकलू नका.

आवडलं तर 1973 चा 'कॉल मी' हा अल्बम अख्खा ऐका. ग्रीन पाद्री झाल्यानंतरची गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तीची) गाणी सध्या राहू द्या.