भरलेली पाण्याची बाटली आणि मूळव्याध

"ताई, संडासला रक्त पडतंय, कॅन्सर तर नसेल ना?" हा प्रश्न बायका पहिल्या भेटीत कधीच विचारत नाहीत. ही केसही तशीच, ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. वय 36, शाळेत शिक्षिका, माझ्याकडे आली होती चिडचिड होते, झोप लागत नाही म्हणून. दोन भेटी नुसतं मुलं, सासूबाई आणि शाळा. तिसऱ्या वेळी दार नीट लागलंय का बघितलं आणि मग हळूच सांगितलं, आठ महिने झाले लालभडक थेंब पडतायत, नवऱ्यालापण माहीत नाही.

दिवसभरात पाणी किती पिता विचारलं तर बॅगेतून बाटली काढून दाखवली, संध्याकाळचे साडेपाच वाजलेले आणि बाटली काठोकाठ भरलेली! शाळेतलं संडास वापरण्यासारखं नाही म्हणून ही बाई सकाळी सातपासून पाणीच पीत नव्हती, कळ आली तरी दाबून ठेवायची, मग खडा होणार, कुंथावं लागणार, रक्त पडणार, त्या भीतीने रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलेलं आणि जेवण कमी झाल्यावर खडा अजून घट्ट. कुंथून कुंथून गुदद्वाराच्या शिरांवर ताण येतो, त्या फुगतात, तेच मोड. गरोदरपणातही तिथे दाब वाढतो, हिचा त्रास दुसऱ्या बाळंतपणातच सुरू झाला होता, पण तेव्हा बाळाकडे बघणार की स्वतःकडे.

मी डॉक्टर नाही, रक्त मूळव्याधीचंच आहे हे मी सांगू शकत नाही आणि इंटरनेट बघून तुम्हीही ठरवू नका, एवढं मात्र मी ठामपणे सांगितलं. भिंतीवरच्या जाहिरातीतलं चूर्ण ती दोन महिने खात होती, त्यात काय होतं देव जाणे. लेडी सर्जन शोधली, तपासणी पाच मिनिटात झाली. मोड आतले होते, ऑपरेशन नको, पण हिमोग्लोबिन 9 वर आलेलं.

डॉक्टरांनी सांगितलेलं साधंच होतं. रात्री इसबगोल, पण सोबत ग्लासभर पाणी हवंच, नाहीतर उलट त्रास वाढतो. भाकरी, पालेभाज्या, पेरू, मोड आलेली कडधान्यं, हे हळूहळू वाढवायचं, एकदम नाही, पोट फुगतं. टबात कोमट पाणी घेऊन 10-15 मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीनदा. संडासात मोबाईल बंद, तिथे उगाच बसून राहायचं नाही. लोहाच्या गोळ्यांनीही काहींना खडा होतो, म्हणून ते आधीच बोलून घेतलं. काळी शी, वजन उतरणं, पोट साफ होण्याची सवय अचानक बदलणं किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असला तर मूळव्याधच असेल म्हणून थांबू नका बाई, लगेच दाखवा.

नवऱ्याला तिने माझ्यासमोरच सांगितलं, तो बिचारा एवढंच म्हणाला, आधी का नाही बोललीस गं. दीड महिन्यात रक्त थांबलं. शाळेत तीन शिक्षिका मिळून मुख्याध्यापकांकडे गेल्या, आता एका संडासाची किल्ली त्यांच्याकडेच असते.