वाचकांचे प्रश्न : दुबईतली रोजची ये-जा

गेल्या काही अंकांपासून आखाती देशांत नोकरीला गेलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या वाचक भगिनींची पत्रे सातत्याने येत आहेत. पगार, व्हिसा आणि राहण्याची सोय यांबरोबरच बहुतेकींनी कामावर जाण्यायेण्याविषयी विचारले आहे. दुबईसंबंधीची काही निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. भाड्याचे आकडे रस्ते व वाहतूक प्राधिकरणाचे, म्हणजे सर्वजण ज्याला ‘आरटीए’ म्हणतात त्या संस्थेचे आहेत. त्यांत वेळोवेळी बदल होत असल्यामुळे प्रवासापूर्वी तिच्या ॲपवर ते एकदा पडताळून घ्यावेत.

प्रश्न : मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातील असून बर दुबईतील एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. भाडे परवडते म्हणून शारजातील रोला भागात बेडस्पेस (सामायिक खोलीतील एक खाट) घेऊन राहते. माझी पाळी कधी सकाळी सातला सुरू होते, तर कधी रात्री अकराला संपते. सोबतच्या मुली महिना चारशे दिरहम देऊन एका गृहस्थाच्या गाडीने ‘कारलिफ्ट’ करतात आणि मलाही त्यांत सामील व्हायला सांगत आहेत. घरापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत सोय होते हे खरे, पण मन धजत नाही. काय करावे?
— एक परिचारिका, शारजा

उत्तर : आपले मन धजत नाही त्याला सबळ कारण आहे, तेव्हा त्याचे ऐकावे. परवाना नसताना पैसे घेऊन खासगी गाडीतून प्रवासी नेणे संयुक्त अरब अमिरातीत बेकायदा आहे. असा चालक पकडला गेल्यास त्याला जबर दंड होतो आणि गाडीही जप्त होऊ शकते, म्हणजे त्या दिवशी आपण अर्ध्या रस्त्यात उन्हात उभ्या राहाल. खरा धोका मात्र दंडापेक्षा मोठा आहे. खासगी वापरासाठी विमा उतरवलेल्या गाडीत पैसे देऊन बसलेल्या प्रवाशाला अपघातानंतर भरपाई मिळताना अडचणी येतात. शिवाय त्या गाडीत आज कोण चालक आहे आणि ती कोणत्या वेळी कोठे होती, याची नोंद कोणत्याही कार्यालयात नसते. चालक सज्जन असेल, आपल्याच गावाकडचा असेल. पण प्रश्न त्याच्या सज्जनपणाचा नाही, काही बिनसले तर दाद कोणाकडे मागायची हा आहे.

आता पर्याय पाहू. रोलाजवळच्या अल जुबैल बसस्थानकावरून ‘ई 306’ ही आरटीएची बस थेट बर दुबईतील अल घुबैबा स्थानकाला येते, आणि तेथेच मेट्रोच्या ग्रीन लाइनचे स्थानकही आहे. शहराच्या बसमध्ये पुढचा भाग स्त्रियांसाठी राखीव असतो. बसचे एका बाजूचे भाडे दहा-बारा दिरहमच्या घरात धरले, तर सव्वीस दिवसांच्या ये-जा करण्याला पाचशे ते सव्वासहाशे दिरहम लागतात. चारशेची कारलिफ्ट स्वस्त वाटते ती या हिशेबामुळेच.

परंतु हा हिशेब अपुरा आहे. दुबई शहरातल्या शहरात नोल कार्डावर (बस-मेट्रोचे भाडे भरण्याच्या कार्डावर) एका झोनमधील, म्हणजे भाड्यासाठी पाडलेल्या एका विभागातील, प्रवासाला 3 दिरहम, लगतच्या दोन झोनना 5 आणि त्यापुढे कितीही झोन ओलांडले तरी साडेसात दिरहम लागतात. तीस दिवसांचा साधा पास एका झोनसाठी 140, दोन झोनसाठी 230 आणि सर्व झोनसाठी 350 दिरहमला मिळतो. मेट्रोतून उतरून अर्ध्या तासाच्या आत फीडर बस (मेट्रो स्थानकाला जोडणारी बस) पकडली तर तो एकच प्रवास धरला जातो. म्हणजे दुबईत राहणाऱ्या बाईचा ये-जा करण्याचा सगळ्यात महाग पासही शारजाच्या बसच्या निम्म्या-पाऊण खर्चात बसतो, आणि अल इत्तिहाद रस्त्यावरच्या वाहतूक कोंडीत जाणारे तास वाचतात ते वेगळेच. शारजात वाचणारे भाडे आणि त्यासाठी वाहतुकीवर जाणारे पैसे एकाच कागदावर मांडून पाहा. फरक दोन-अडीचशे दिरहमपर्यंत येत असेल तर करामा, मंखूल किंवा देइरा भागात, मेट्रो स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या आत, एखाद्या जुन्या इमारतीत बेडस्पेस शोधणे केव्हाही श्रेयस्कर. मे ते सप्टेंबर या काळात दुपारी पारा चाळिशीच्या बराच वर असतो. तेव्हा दहा मिनिटांचे चालणे आणि पंचवीस मिनिटांचे चालणे यांत केवढा फरक पडतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

पाळ्यांबाबत एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. मेट्रो सोमवार ते गुरुवार आणि शनिवारी पहाटे पाच ते मध्यरात्री बारापर्यंत धावते, शुक्रवारी रात्री एकपर्यंत असते, पण रविवारी ती सकाळी आठ वाजता सुरू होते. अकराची पाळी संपवून कपडे बदलून निघालात तरी मेट्रो मिळेल, मात्र रविवारी सातच्या पाळीला तिचा काही उपयोग नाही. त्या दिवसासाठी बस किंवा टॅक्सीची वेगळी व्यवस्था हवी. एकाच वेळी निघणाऱ्या तीन-चार मैत्रिणींनी मिळून मीटरची टॅक्सी करणे पूर्णपणे कायदेशीर आहे. दुबईतल्या दुबईत ती प्रत्येकीला फार महाग पडत नाही. शारजात शिरताच मात्र भाड्यावर वीस दिरहमचा अधिभार चढतो, आणि रात्रीच्या परतीचा खर्च तेथेच हाताबाहेर जातो. पुढचा करार करताना ‘ट्रान्सपोर्ट’ या एका शब्दावर समाधान मानू नये. रुग्णालयाची गाडी कोणत्या भागापर्यंत आणि कोणत्या पाळ्यांना असेल, नसेल तर भत्ता किती मिळेल, हे नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन देणारा व्यवस्थापक सहा महिन्यांनी दुसऱ्या शाखेत गेलेला असतो.

प्रश्न : माझी मुलगी नोकरीसाठी प्रथमच एकटी दुबईला जात आहे. विमान रात्री उशिरा पोहोचते. तिथे कोणी नातेवाईक नाही. विमानतळावरून ती एकटी सुखरूप कशी जाईल, या काळजीने घरात कोणाला झोप नाही.
— एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : आपली काळजी समजू शकते, तथापि दुबईचा विमानतळ रात्रीही दिवसाइतकाच गजबजलेला असतो आणि अधिकृत टॅक्सीची रांग बाहेर पडण्याच्या दाराशीच असते. विमानतळावरून घेतलेल्या टॅक्सीचे मीटर 25 दिरहमपासून सुरू होते, त्यामुळे शहरातील प्रवासापेक्षा ती महाग पडते. पहिल्या रात्री मात्र ही काटकसर करू नये. ‘टॅक्सी, मॅडम’ म्हणत आत येऊन विचारणाऱ्या माणसाच्या मागे जाऊ नये, एवढे तिला बजावून सांगावे. टॅक्सीचा रंग फिकट बदामी असतो आणि छताचा रंग कंपनीनुसार बदलतो. गुलाबी छताची टॅक्सी स्त्रिया आणि कुटुंबांसाठी असते आणि ती चालवणारीही स्त्रीच असते. तशी टॅक्सी रांगेत उभी असेल तर ती मागून घ्यावी. शहरात असताना ती 04 2080808 या क्रमांकावर फोन करूनही मागवता येते, पण गाड्या मोजक्या असल्याने थोडे थांबण्याची तयारी ठेवावी.

मेट्रोची स्थानके टर्मिनल 1 आणि टर्मिनल 3 ला जोडलेली आहेत, टर्मिनल 2 ला नाहीत. विमान कोणत्या टर्मिनलला उतरते हे तिकिटावर आधीच पाहून ठेवावे. मध्यरात्रीनंतर मेट्रो बंद असते आणि मोठ्या सामानावर मर्यादा आहे, म्हणून पहिल्या दिवशी तिचा विचार सोडून द्यावा.

निघण्यापूर्वी तिच्याकडून एक काम करून घ्यावे. जिथे उतरायचे त्या इमारतीचा ‘मकानी’ क्रमांक मागवून ठेवावा. दुबईतील प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वाराला असा दहा आकडी क्रमांक दिलेला आहे. रस्त्यांची नावे चालकाला ठाऊक नसली तरी त्या क्रमांकावरून नेमके दार सापडते, आणि परक्या शहरात रात्री ‘अमुक सुपरमार्केटच्या मागे’ असा पत्ता समजावत बसण्याची वेळ येत नाही. टॅक्सीत बसल्यावर चालकाचे ओळखपत्र समोर लावलेले दिसते. त्याचा आणि गाडीचा क्रमांक आपल्याला पाठवायला तिला सांगितले, तर आपल्यालाही झोप लागेल.

प्रश्न : संध्याकाळच्या गर्दीच्या बसमध्ये एक पुरुष दोनदा माझ्या अंगाला खेटून उभा राहिला. मैत्रीण म्हणते, पुढच्या वेळी त्याचा व्हिडिओ काढून समाजमाध्यमांवर टाक, म्हणजे धडा मिळेल. मी तसे करावे का?
— एक वाचक, अल नाहदा

उत्तर : कृपया तसे करू नये. मुंबई-पुण्यात अशा प्रसंगी मोबाइल उगारण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि अनेकदा तिचा उपयोगही होतो; अमिरातीत मात्र हीच सवय आपल्यावर उलटू शकते. तेथील सायबर गुन्हेविषयक कायद्यानुसार, म्हणजे 2021 च्या संघीय आदेश-कायदा क्रमांक 34 नुसार, दुसऱ्याच्या खासगीपणाचा भंग करून त्याची छायाचित्रे काढणे किंवा ती प्रसृत करणे हा गुन्हा आहे. आपण तक्रारदार असतानाही आरोपी ठरण्याचा धोका पत्करू नये. स्त्रीला सार्वजनिक ठिकाणी छेडणे हाही तेथे फौजदारी गुन्हाच आहे आणि पोलीस अशा तक्रारी गांभीर्याने घेतात.

घटना घडत असताना मोठ्याने विरोध करावा, चालकाला सांगावे आणि पुढच्या राखीव भागात जावे. चालक मध्ये पडायला तयार नसेल तर बसचा क्रमांक, मार्ग, वेळ आणि थांबा ताबडतोब मोबाइलमध्ये लिहून ठेवावा. तातडीची मदत हवी असल्यास 999, अन्यथा 901 या क्रमांकावर पोलिसांना कळवता येते. दुबई पोलिसांच्या ॲपवरूनही तक्रार नोंदवता येते. बसमधील वर्तनाची तक्रार आरटीएकडे 8009090 वर करता येते. गर्दीच्या वेळी प्रवासाचा काही भाग मेट्रोने शक्य असेल तर तो तसा करावा, कारण तेथील स्त्रिया व मुलांच्या डब्यात शिरणाऱ्या पुरुषाला 100 दिरहम दंड आहे.

भाषेची अडचण आली, किंवा नोकरीच्या ठिकाणाहून ‘तक्रार करू नको, व्हिसाला अडचण येईल’ असे कोणी घाबरवले, तर भारतीय वाणिज्य दूतावासाच्या प्रवासी भारतीय साहाय्य केंद्राशी 80046342 या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. तेथे हिंदीत बोलता येते.

प्रश्न : पतीच्या व्हिसावर आम्ही करामाला आहोत. लेक चार वर्षांची आहे. दोघींनी दिवसा फिरायला स्वस्त काय? मेट्रोतील गोल्ड क्लास (जास्त भाड्याचा वरचा वर्ग) घ्यावा का, कारण लेडीज डबा भरलेला असतो असे ऐकते.
— एक गृहिणी, करामा

उत्तर : पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, त्यामुळे आपला एकटीचाच खर्च धरावा. गोल्ड क्लासचे भाडे बरोबर दुप्पट आहे आणि रोजच्या फिरण्याला ते घेण्याचे कारण दिसत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये लहान मुलाला कडेवर घेऊन चढलेल्या बाईला येथील लेडीज डबा संध्याकाळी सहालाही मोकळाच वाटेल. सकाळी दहानंतर निघून दुपारी चारच्या आत परतलात तर जागेची चिंता करायला नको. फलाटावरील गुलाबी खुणा पाहून उभे राहावे. च्युइंगम, पाणी किंवा खाऊ यांपैकी काहीही मेट्रोत तोंडात घालू नये. त्याला 100 दिरहम दंड आहे, आणि मुलीच्या हातातील बिस्किटाकडे तर आपले लक्षही नसते.

बर दुबईच्या धक्क्यावरून देइराला खाडीपार नेणारी साधी अब्रा, म्हणजे होडी, अवघ्या एका दिरहममध्ये मिळते. संध्याकाळच्या वाऱ्यात ती सहल मुलीला फार आवडेल, मात्र होडीला कठडा नाही, तेव्हा तिला मांडीवरच बसवावे.

प्रश्न : मी इंटरनॅशनल सिटीत राहते. येथे मेट्रो नाही. भारतीय परवान्यावर गाडी चालवता येईल का?
— एक वाचक, दुबई

उत्तर : निवासी व्हिसा मिळाल्यावर भारतीय परवान्यावर किंवा आंतरराष्ट्रीय परवान्यावर गाडी चालवता येत नाही. भारतीय परवाना थेट बदलूनही मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते, आणि शिकवणीसह हा खर्च काही हजार दिरहमच्या घरात जातो. त्यावर गाडी, विमा, पार्किंग आणि सालिकचा टोल. बाई एकटी कमावती असेल तर पहिल्या वर्षी या फंदात पडू नये. इंटरनॅशनल सिटीवरून जाणाऱ्या मेट्रोच्या ब्लू लाइनचे काम सुरू आहे आणि ती 9 सप्टेंबर 2029 रोजी सुरू करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे. तोपर्यंत त्या भागातून रेड लाइनच्या रशिदिया बाजूच्या स्थानकापर्यंत बसने येणे हाच स्वस्त मार्ग आहे. घर बदलण्याची संधी मिळालीच तर नव्या घराचे भाडे विचारण्याआधी बसथांबा किती पावलांवर आहे ते विचारावे.