फाइलमधली नागीण आधी खोडा

प्रश्न : मी 31 वर्षांची असून मला 33 वा आठवडा सुरू आहे. बाळंतपणासाठी प्रतापनगरला माहेरी आले आहे. पाच वर्षांपूर्वी, लग्नाआधी, मला जननेंद्रियांवर हर्पिस झाला होता. त्यानंतर तो दोनदा उलटला, शेवटचा चौथ्या महिन्यात. यजमानांना सर्व ठाऊक आहे. आईला तेव्हा कमरेवर नागीण झाल्याचे सांगितले होते आणि धंतोलीतल्या डॉक्टरांनाही तिनेच तसे सांगून टाकले. बाळाला हा आजार होईल का? सिझेरियन करावेच लागेल का? काळजीने झोप लागत नाही.

उत्तर : बाळाची काळजी तुम्ही तीन वाक्यांत लिहिली आहे आणि खरी काळजीची गोष्ट अर्ध्या वाक्यात उरकली आहे. आई डॉक्टरांना नागीण म्हणाली आणि तुम्ही शेजारी बसून ते ऐकून घेतलेत.

नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचा आजार आहे. तुम्हाला झालेला, शरीरसंबंधातून पसरणारा हर्पिस त्याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूचा आहे. नावात साम्य असले तरी बाळंतपणाच्या दृष्टीने दोन्ही अगदी निराळे आहेत. पाच वर्षांपूर्वी कमरेवर नागीण होऊन गेली, एवढेच ऐकलेले डॉक्टर प्रसूतीच्या वेळी तुमच्या योनिमार्गावर फोड आहेत का, हे मुद्दाम पाहणार नाहीत. त्यांना तसे कारणच तुम्ही ठेवलेले नाही. पाच वर्षांपूर्वी आईने गेरूचा लेप पाठवला असेल तर तो फुकट गेला, एवढेच. या वेळच्या थापेची किंमत बाळ मोजू शकते, म्हणून मी रागावले आहे.

आता तुम्हाला झोप लागावी म्हणून सांगते. गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत आईला पहिल्यांदाच संसर्ग झाला, तर नैसर्गिक प्रसूतीत तो बाळाला होण्याची शक्यता 30 ते 50 टक्के असते. तुमची गोष्ट तशी नाही. जुन्या संसर्गामुळे तुमच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिने, तयार झालेली आहेत आणि ती वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. त्यामुळे प्रसूतीच्या वेळी आजार उलटलेला असला तरी धोका 1 ते 3 टक्क्यांच्या आसपास राहतो आणि फोड नसतील तर त्याहूनही कमी. मात्र त्या थोड्यांत जे बाळ सापडते त्याच्या मेंदूवर आणि जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टर हे हलके घेत नाहीत.

यावर उपायही साधा आहे. 36 व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत असायक्लोविरच्या गोळ्या देतात, बहुधा 400 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. त्यामुळे ऐन वेळी फोड येण्याची आणि पर्यायाने सिझेरियनची शक्यता कमी होते. कळा सुरू झाल्या की डॉक्टर नीट तपासतात. फोड असतील, किंवा फोड येण्याआधी तुम्हाला जाणवते ती आग आणि मुंग्या जाणवत असतील, तर सिझेरियन करतात. नसेल तर केवळ जुन्या आजारापायी पोट कापण्याचे कारण नाही. स्तनावर फोड नसल्यास बाळाला अंगावरही पाजता येते. पण या साऱ्याला आरंभ 36 व्या आठवड्यात व्हायचा असतो आणि तुमच्या हातात तीन आठवडे आहेत.

आपल्याकडे डॉक्टर प्रश्न लेकीला विचारतात आणि उत्तर शेजारची खुर्ची देते. आईचे प्रेम मला मान्य आहे, परंतु तपासणीच्या खोलीत त्या प्रेमाचे काही काम नाही. पुढच्या भेटीला यजमान येऊ शकत असतील तर त्यांच्याबरोबर जा, नाहीतर एकट्या जा. आई हट्टाने आलीच, तर तिला बाहेर बसवा. आत गेल्यावर एवढेच म्हणा : “माझ्या फाइलमध्ये नागीण लिहिले असेल तर ते चूक आहे. मला जननेंद्रियांचा हर्पिस आहे, शेवटचा चौथ्या महिन्यात उलटला होता. माझ्या घरच्यांसमोर याचा उल्लेख करू नका.” रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे. असे रुग्ण त्यांच्याकडे नेहमी येतात, त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा उमटणार नाही. पाणी फुटले किंवा कळा सुरू झाल्या, तर प्रसूतिकक्षातल्या डॉक्टरांनाही हे पुन्हा सांगा, कारण रात्री दोन वाजता तिथे कोण असेल ते कुणी सांगावे.

बाळ घरी आल्यावर पहिले सहा आठवडे त्याच्या अंगावर फोड आले, ताप आला, ते सुस्त पडले किंवा दूध ओढेनासे झाले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ओठावर फोड उठलेल्या मामाला किंवा मावशीला बाळाचा पापा घेऊ देऊ नका. तोही हर्पिसच असतो, फक्त त्याची कुणाला लाज वाटत नाही.

आईला खरे कधी सांगावे, हे तुम्ही विचारलेले नाही आणि मीही सांगत नाही. भेटीची वेळ मात्र आज ठरवा, आणि फोन तुम्ही स्वतः करा.