चॅटबॉट डिझाइन करायला कोडिंग यायलाच पाहिजे का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी बीएफए अप्लाइडच्या तिसऱ्या वर्षाला, आता चॅटबॉट, म्हणजे माणसाशी टाइप करून बोलणारा प्रोग्राम, डिझाइन करायचं म्हणून राहिली, कोडिंग येत नाही, आणि तुम्हाला वाटते की हे इंजिनियर पोरांचं काम, त्यात ही कुठं शिरते, शिवाय बॉटच सगळं करायला लागले तर डिझायनरला विचारते कोण.

कोडिंग थोडं आलं तर बरंच, पण नाही आलं म्हणून अडत नाही. खरं अडते ते माणूस काय म्हणून राहिला हे बॉटला कळण्यात. समजा वीजबिलाच्या तक्रारी घेणारा बॉट आहे. आपल्या नागपूरची माणसं टाइप करतील 'बिल लय आलं', 'मीटर पळून राहिलं', 'मागच्या महिन्यात इतकं नव्हतं ना जी'. तिघांची तक्रार एकच, आणि दुसऱ्या-तिसऱ्यात तर बिल हा शब्दच नाही. उलट 'बिल नाही आलं अजून' आणि 'बिल नाही भरलं अजून' यात एकच शब्द वेगळा, पण एकाला बिलाची कॉपी पाहिजे अन् दुसऱ्याला मुदत. जुन्या पद्धतीच्या बॉटमध्ये अशी वाक्यं गोळा करून त्यांचे गट पाडतात, त्याला इंटेंट म्हणतात, नवीन वाक्य कोणत्या गटाच्या जवळचं ते मशीन ठरवते. गटात नुसती पुस्तकी मराठी भरली की आपला माणूस दोनदा टाइप करतो अन् सोडून देतो.

2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, ते वेगळं चालते. मजकुराचे छोटे तुकडे, म्हणजे टोकन करायचे आणि आधी वाचलेल्या प्रचंड मजकुरावरून पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधायचा. 'मीटर पळून राहिलं' हे त्याला बऱ्याचदा बरोबर लागते, पण माहीत नसलं तरी ते तितक्याच ठामपणे बोलते, बिलाचे हप्ते पाडून मिळतील म्हणून सांगून टाकेल आणि ऑफिसात तसा नियमच नसेल. आणि माणसं विश्वास ठेवतात बरं का. 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या जोसेफ वायझेनबॉमनी एलायझा नावाचा प्रोग्राम केला होता, तो समोरच्याच्याच वाक्यातले शब्द पकडून प्रश्न करून परत द्यायचा, तरी लोकांना वाटायचं याला आपलं समजते!

म्हणून डिझायनर लागतो. बॉटनं कुठं थांबून विचारायचं, कोणत्या शब्दांत, रक्कम वाचून दाखवून हो म्हणवून कधी घ्यायचं, माणसाकडे कधी सोपवायचं, हे कोणीतरी बसून ठरवावं लागते. 'मला समजलं नाही, पुन्हा सांगा' हे उत्तर मला तर अपमानच वाटते. त्यापेक्षा 'बिल जास्त आलं की बिल मिळालंच नाही?' असं विचारलं की माणूस लगेच सांगतो.

मुलीला आत्ताच एक काम द्या. शेजारी, नातेवाईक, ऑटोवाले, तुमच्या सासूबाई, सगळ्यांना विचारायचं की बिल जास्त आलं तर व्हॉट्सॲपवर काय लिहाल, आणि जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, रोमन अक्षरांत लिहिलं तर तसंच, शुद्ध करायचं नाही. त्यावरून बॉटची उत्तरं लिहायची. मग मैत्रिणीला दुसऱ्या खोलीत बसवून तिलाच बॉट बनवायचं, माणसांनी मोबाइलवरून तक्रार टाइप करायची, तिनं फक्त लिहिलेली उत्तरंच पाठवायची, आणि माणसं कुठं अडकतात ते पाहायचं. याला विझार्ड ऑफ ऑझ टेस्टिंग म्हणतात, एक ओळ कोडिंग लागत नाही. सुधारलेल्या उत्तरांसकट हे पोर्टफोलिओत गेलं तर दहा सुंदर मोबाइल स्क्रीनपेक्षा मी त्यालाच जास्त मानीन.

बॉटमुळे काम जाईल का, तर नुसते बॅनर अन् स्क्रीन बनवायचं काम कमी होणार, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पुढं शिकायचं असेल तर एम.डेस., म्हणजे डिझाइनमधली मास्टर्स डिग्री, त्यासाठी सीड ही प्रवेश परीक्षा आहे, आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत असते, शेवटच्या वर्षाला असताना देता येते. तिथल्या आयडीसीत, म्हणजे डिझाइनच्या विभागात, इंटरॅक्शन डिझाइन आहे, माणूस मशीनशी कसा वागतो-बोलतो ते ठरवण्याचं हेच काम. नोकऱ्या नागपुरात कमी, पुणे-बेंगळुरूला जास्त, आणि जाहिरातीत बऱ्याचदा यूएक्स रायटर (ॲप, बॉटमधले शब्द लिहिणारा) किंवा प्रॉडक्ट डिझायनर असंच नाव असते, तेही शोधायला सांगा तिला. वाक्यं गोळा झाली की मला पाठवा, गट पाडायला मी तिच्यासोबत बसतो.