'सोडियम कमी' लिहिलंय, पण पोटॅशियम किती ते कुठाय?

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण हे गणित फार जणांचं फसतं. वडील ६८ वर्षांचे, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) १.६, म्हणजे वाढलेलं. मीठ कमी करायला सांगितलं म्हणून घरात कमी सोडियमचं मीठ आलं, थकवा येतो म्हणून साखर नसलेल्या इलेक्ट्रोलाइट पेयाच्या रोज दोन बाटल्या. आता रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.७, नेहमीपेक्षा जास्त. आणि तुमचा प्रश्न, 'पॅकबंद पेयांत घातलेली ही रसायनं सुरक्षित असतात का?'

मी डॉक्टर नाही, तेव्हा गोळ्यांबद्दल काही सांगणार नाही, आणि माझं वाचून तुम्हीही एकही गोळी बंद करू नका. लेबलांबद्दल मात्र ठामपणे बोलू शकतो.

निरोगी किडनीच्या माणसाला ही पेयं पोटॅशियमच्या बाबतीत सहसा त्रास देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाला किमान ३५१० मिग्रॅ पोटॅशियम घ्यावं म्हणते आणि बहुतेकांचं तेवढंही होत नाही. जास्तीचं किडनी बाहेर टाकते. पण किडनी अर्ध्यावर आलेली असेल आणि वर टेल्मिसार्टनसारखी पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी असेल, तर बाहेर टाकायची वाटच अरुंद झालेली असते. स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारी एक गोळी) आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनीही तेच होतं.

खरी चूक एकच, आणि ती सगळ्यांत महागात पडते: 'सोडियम कमी' म्हणजे 'बीपीवाल्याला चालेल' असं धरून चालणं. सोडियम काढलं की खारट चव कुठून तरी आणावीच लागते, आणि ती बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइडमधून येते. पुडीवर पुढच्या बाजूला हृदयाचं चित्र, मागे बारीक अक्षरात ५०८, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचा घटक-क्रमांक.

तुमच्या आकड्यांवरच हिशेब मांडू. तुम्ही दिलेल्या लेबलच्या फोटोत १०० मिलीला पोटॅशियम ८० मिग्रॅ आहे. बाटली ५०० मिलीची, म्हणजे एका बाटलीत ४००, दोन बाटल्यांत ८०० मिग्रॅ. मिठाच्या पुडीवर पोटॅशियम क्लोराइड ३० टक्के. दिवसाला ५ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर त्यात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. १ ग्रॅममध्ये साधारण ५२४ मिग्रॅ पोटॅशियम, म्हणजे इथून आणखी जवळजवळ ७८५. बेरीज १५८५ मिग्रॅ, आणि ही जेवणातल्या पोटॅशियमच्या वर. रक्ताच्या रिपोर्टमधलं एकक लिटरमागे मिलिमोल असतं; दिवसाची ही बेरीज मिलिमोलमध्ये मोजायची तर ३९ ने भागा, सुमारे ४१ मिलिमोल येतात. शिवाय हे पाण्यात विरघळलेलं क्षार आहे. भाजीतलं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, ते सावकाश सुटतं. हे बाटली रिकामी झाली की लगेच शोषलं जायला लागतं.

२०२५ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने पोटॅशियमवाल्या मिठाची शिफारस केली खरी, पण त्यातून गरोदर बाया, मुलं आणि किडनीचे रुग्ण स्पष्टपणे वगळले. जाहिरातीत शिफारस येते, वगळलेल्यांची यादी येत नाही.

आता लेबलवर पोटॅशियमचा आकडाच नसेल तर? पुष्कळ उत्पादनांवर नसतो. मग घटकांच्या यादीत शोधा. ५०८ पोटॅशियम क्लोराइड, ३३२ पोटॅशियम सायट्रेट (१ ग्रॅममध्ये सुमारे ३६० मिग्रॅ पोटॅशियम), ३४० पोटॅशियम फॉस्फेट. ३३२ बहुतेकदा 'आम्लता नियंत्रक' या साध्या नावाखाली असतं, म्हणून नजरेतून सुटतं. २०२ हे परिरक्षक आणि ९५० हे गोडवा देणारं, यांतही पोटॅशियम आहे, पण फार थोडं. त्यांच्यामागे लागू नका.

अंदाज बांधायची एक युक्ती आहे. समजा सोडियम फक्त साध्या मिठातून येतंय आणि आकडा १०० मिलीला ४६ मिग्रॅ आहे. म्हणजे मीठ साधारण ११७ मिग्रॅ. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असेल आणि पोटॅशियम क्लोराइड मिठाच्या आधी असेल, तर तेही किमान ११७, म्हणजे पोटॅशियम किमान ६१ मिग्रॅ. पण जपून. २ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या घटकांना बऱ्याच ठिकाणी हा क्रम पाळायचं बंधन नसतं, आणि पेयातले क्षार जवळपास नेहमी त्याच खणात पडतात. तेव्हा हा अंदाजच.

मग माणूस कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहितो. तिथे सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो. उत्तर ठरलेलं: 'आमच्या उत्पादनातील सर्व घटक मान्य मर्यादेत आहेत.' ऐकायला छान वाटतं. पण ५०८ साठी बहुतेक पदार्थांत आकड्यातली मर्यादाच नसते. नियम एवढाच की चांगल्या उत्पादनपद्धतीनुसार गरजेपुरतं घालावं. नसलेल्या मर्यादेच्या आत असणं म्हणजे काय, हे त्या खिडकीवरचा माणूस सांगू शकत नाही, त्याचा दोषही नाही, त्याला मजकूर चिकटवायला दिलेला असतो. त्यामुळे 'सुरक्षित आहे का' असं विचारूच नका, त्याला 'हो' एवढंच उत्तर येतं. असं लिहा: 'बॅच क्रमांक अमुक. सर्व घटकांमधून मिळून १०० मिलीमध्ये एकूण पोटॅशियम आणि फॉस्फरस किती मिग्रॅ, ते आकड्यात कळवा.' आकडा आला नाही, तर ते उत्पादन किडनीवाल्याच्या घरात नको. माझं मत टोकाचं वाटेल, पण आकडा न देणाऱ्याला फायदा का द्यायचा?

फॉस्फरसही विचारा म्हणतो, कारण तयार सूप, प्रक्रिया केलेलं मांस, चीज यांत ३३९ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ (हे फॉस्फेटचे क्रमांक) सर्रास असतात. धान्य-डाळींतलं फॉस्फरस अर्धंमुर्धं शोषलं जातं, हे घातलेलं जवळपास सगळं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये फॉस्फेटची मर्यादा ठरवली, शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ४० मिग्रॅ फॉस्फरस, आणि किडनीचं काम मध्यम ते तीव्र कमी झालेल्यांना ती लागू नाही हेही लिहिलं.

थोडं विषयांतर. धाग्यात कुणीतरी 'जुलाब झाले तरी हेच पेय देतो' म्हटलंय. नका देऊ. ओआरएसच्या एका लिटरमध्ये मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. त्यातलं ग्लुकोज चवीला नाही, आतड्यात सोडियमला आत ओढायला असतं. साखर नसलेल्या पेयात तो ओढणारा नाही, आणि खेळाडूंच्या गोड पेयात साखर चौपट, सोडियम निम्म्याहून कमी. त्याने जुलाब वाढूही शकतात. आणि ओआरएसची १ लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात कालवायची नाही, सोडियम धोकादायक वाढतं. पण तुमच्या वडिलांना ओआरएससुद्धा डॉक्टरांना विचारूनच, त्यातही पोटॅशियम आहे.

आता ५.७ बद्दल. नेहमीची कक्षा ३.५ ते ५ धरतात. रक्त काढताना मूठ सारखी उघडझाप केली किंवा नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या, तर आकडा खोटा वाढतो. रिपोर्टवर तसा शेरा आहे का बघा आणि चाचणी पुन्हा करायची का ते डॉक्टरांना आजच विचारा, पुढच्या भेटीची वाट बघू नका. धडधड, हातापायांत एकदम अशक्तपणा किंवा चक्कर असेल, किंवा आकडा ६ च्या वर गेला, तर फोन वगैरे न करता थेट इमर्जन्सीत. लक्षणं नसली म्हणून निर्धास्त राहू नका, ईसीजीत बदल आधी दिसू शकतात.

तोवर ते मीठ आणि त्या बाटल्या बंद. जाताना दोन्हींचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, मागच्या बाजूचे. नुसतं 'इलेक्ट्रोलाइट घेतात' म्हणालात तर डॉक्टरांना ओआरएस वाटेल.