फिटचा आजार लग्नाआधी सांगावा की लग्नानंतर?

आधीच. तुमचे आईवडील ‘एकदा लग्न होऊ दे, मग सांगू’ म्हणताहेत ते काळजीपोटी, पण मला ते अजिबात पटत नाही. समोरचा माणूस ‘हो’ म्हणतो ते कशाला, हे त्याला माहीत असायला हवं.

बायोडेटात लिहायची गरज नाही. पहिल्या कांदेपोह्यांतही नको. दोघांची पसंती कळली की पुढच्या भेटीत, साखरपुड्याची बोलणी व्हायच्या आत, तुम्ही स्वतः मुलाला सांगा. मध्यस्थाकरवी निरोप गेला की ‘फिट येते’चं ‘लहानपणी चक्कर यायची’ होतं. आजार केव्हापासून आहे, शेवटची फिट कधी आली, गोळी कोणती, डॉक्टर काय म्हणतात, हे नेमकं सांगा. नंतर तेच मेसेजवर थोडक्यात लिहून पाठवा, म्हणजे ‘सांगितलंच नाही’ असं कुणी म्हणणार नाही.

लपवलेलं बरेचदा लग्नाच्या धामधुमीतच उघडं पडतं. हळद, जागरण-गोंधळ, जेजुरीचा प्रवास, यांत झोप होत नाही. नव्या घरात सगळ्यांसमोर गोळी घेता येत नाही म्हणून तीही चुकते. फिट यायला ही दोन कारणं पुरतात. घरच्यांना काहीच ठाऊक नसतं, मग कुणी कांदा हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालतं. माहिती असलेला नवरा कुशीवर वळवेल, तोंडात काही घालणार नाही, घड्याळ बघेल आणि ५ मिनिटांत फिट थांबली नाही तर थेट दवाखाना गाठेल. पुढे बाळंतपणाचा प्रश्न येतो. फिटवरचं व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला अपाय करू शकतं, म्हणून दिवस राहण्याआधीच न्यूरोलॉजिस्टकडून औषधांचा फेरविचार करून घ्यावा लागतो. आपल्या मनाने गोळी बंद करायची नसते. नवऱ्यापासून चोरून हे कसं जमणार?

हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख वगळला गेला, म्हणजे नुसत्या आजारावरून लग्न रद्द होत नाही. पण महत्त्वाची गोष्ट लपवून फसवलं, असा दावा कलम १२ खाली करता येतो, फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत.

नकार येईल, कदाचित दोन-तीनदा येईल, आणि तो जिव्हारी लागेल. ‘विचार करून सांगतो’ म्हणणाऱ्याला मात्र पंधरा दिवस द्या आणि तुमच्या डॉक्टरांकडे सोबत न्या. गोळ्या किती वर्षं, गाडी चालवायची का, मुलांना होण्याची शक्यता किती, हे त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या.