गणपती दूध प्यायला होता का?

प्रिय सई,

आजीने फोनवर सांगितलं की एकदा गणपती खरंच दूध प्यायला होता, आणि तू लगेच दोन प्रश्न पाठवलेस. हे खरं का? आणि खरं असेल तर आपण दाखवतो तो नैवेद्य कधीच कमी का होत नाही? दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, पण आधी पहिला.

दिवस २१ सप्टेंबर १९९५. पहाटे दिल्लीत बातमी उठली, आणि त्याच दिवशी देशभर लोक दूध घेऊन देवळांबाहेर रांगेत उभे होते. लंडनच्या साउथॉल भागातल्या देवळातही तेच. आजी खोटं बोलत नाही. चमचा सोंडेला टेकवला की त्यातलं दूध कमी होत होतं, हे असंख्य लोकांनी पाहिलं. पण ते गेलं कुठे?

हे आपल्या ओट्यावर करून बघता येतं. पितळेची छोटी मूर्ती घे. संगमरवरी नको, रंग धरते. एक खोलगट ताटली आणि दोन-तीन कागदी रुमाल कोरडे असताना एकत्र वजन करून आकडा लिहून ठेव. मूर्ती ताटलीत ठेव. दुधात खायच्या लाल रंगाचे दोन थेंब टाक. ५ मिलिलिटरचा चमचा काठोकाठ भर, इतका की दूध काठाच्या किंचित वर फुगून राहील. तो फुगवटा पृष्ठताणामुळे टिकतो, म्हणजे दुधाचा वरचा थर ताणलेल्या पडद्यासारखा वागतो म्हणून. आता चमचा आडवा धरून सोंडेच्या फुगीर भागाला हलकेच टेकव. दूध धातूला चिकटतं, आपल्याच वजनाने ओघळायला लागतं आणि मागच्या दुधाला ओढून नेतं. असे पाच चमचे पाज. मग मूर्ती त्याच कागदाने पुसून घे आणि ताटली व कागदाचं पुन्हा वजन कर. २५-२६ ग्रॅमची वाढ दिसायला हवी. चमच्याला थोडं चिकटून राहतं, तेवढं कमी भरेल. मूर्तीसकट वजन करू नकोस. दूध पोटात गेलं काय आणि ताटलीत पडलं काय, आकडा तोच येईल आणि काहीच कळणार नाही.

अडतं कुठे, तेही सांगते. चमचा अर्धाच भरला तर दूध काठापर्यंत पोचत नाही. मग हात नकळत चमचा तिरका करतो आणि करणाऱ्याला ते जाणवतही नाही. मूर्तीला तेलाचा हात लागलेला असेल तर दूध पसरत नाही, गोळा होऊन थांबतं. आधी ओली झालेली मूर्ती मात्र भराभर ‘पिते’. पांढरं दूध वापरलंस तर ओघळ जवळजवळ दिसत नाही, संगमरवरावर तर मुळीच नाही. म्हणूनच तेव्हा दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी रंगीत दूध घेतलं, आणि ओघळ मूर्तीवरून खाली उतरताना दिसला. सगळं झाल्यावर खलबत्त्यातला बत्ता उभा धर आणि त्यालाही पाज. तोही पितो.

आपल्याकडे न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या तत्त्वज्ञानात, प्रमाणं (खरं ज्ञान मिळवायचे मार्ग) चार मानतात: प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेलं), अनुमान (त्यावरून काढलेला निष्कर्ष), उपमान (साम्यावरून ओळखलेलं) आणि शब्द (दुसऱ्याने सांगितलेलं). चमच्यातलं दूध कमी झालं, हे लोकांचं प्रत्यक्ष. ते बरोबर होतं. ‘म्हणजे देव प्यायला’ हे अनुमान, ते घसरलं. तुझ्यापर्यंत आलं ते शब्दप्रमाण. त्यासाठी सांगणारा आप्त लागतो, म्हणजे खरं बोलणारा आणि त्या गोष्टीची नीट माहिती असलेला. आजी पहिल्या कसोटीला पुरेपूर उतरते. पण ती चमच्याकडे बघत होती, मूर्तीच्या पायाकडे नाही. लाखभर साक्षीदार एकाच जागी बघत असतील तर ते लाख धरायचे की एक?

आता नैवेद्य. आपण पाण्याने चौकोनी मंडल काढतो, त्यावर ताट ठेवतो, दूर्वा ठेवतो, ताटाभोवती पाणी फिरवतो, ‘प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा’ म्हणत हात देवाकडे नेतो, आणि मग तेच ताट प्रसाद म्हणून जेवतो. २१ मोदक ठेवले तर २१च परत येतात आणि कुणाची श्रद्धा डळमळत नाही. २०च आले तर सगळे आधी तुझ्याकडे बघतील! म्हणजे नैवेद्य दाखवणाऱ्याची अपेक्षा मुळात ताट कमी व्हावं अशी नसतेच. देवाला पाहुण्यासारखं आधी पुढे करायचं, एवढंच असतं. त्यात वजनकाट्याला काही काम नाही. १९९५ चा दावा चमचाभर दुधाबद्दल होता, म्हणून तो मोजायचा. ‘पूजेनंतर मला शांत वाटतं’ हे आजीचं म्हणणं मी खरं धरते. पण त्यावरून दुधाचं काही सिद्ध होत नाही.

असाच आणखी एक दावा: २००६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक ते प्यायले. पावसाळ्यात मिठी नदीचं गोडं पाणी तिथे खाडीत येतं, आणि ते घाण असतं. दूध फार तर वाया जातं; इथे न तपासण्याची किंमत पोटाला मोजावी लागते.

आजीला ‘तुझं चुकलं’ म्हणू नकोस. ‘आजी, मूर्तीखालची फरशी ओली होती का गं?’ एवढंच विचार, आणि ती काय सांगते ते मला कळव.

आणि हो, मूर्ती लगेच कोमट पाण्याने धू. सोंडेच्या वळणात दूध राहिलं तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. मग चिंच-मीठ लावून घासावं लागेल.

तुझी,
आई